औषध तेच, श्वास वेगळा : भुकटीच्या इनहेलरमध्ये माउथपीस आणि हवेचा प्रवाह का महत्त्वाचा

बंगळुरू : दम्याचे औषध नियमित घेऊनही धाप कमी होत नसेल, तर दोष औषधाचाच असेल असे नाही. औषध ज्या लहानशा प्लास्टिकच्या उपकरणातून ओढले जाते त्याच्या माउथपीसवर ओठ कसे मिटले, श्वास किती जोराने घेतला आणि उपकरणातून हवा कशी वाहिली, यावर ते फुफ्फुसापर्यंत पोहोचणार की घशातच अडकणार, हे ठरते. कोरड्या भुकटीच्या इनहेलरच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कारण त्यात औषध ढकलणारा वायू नसतो आणि बॅटरीही नसते. रुग्णाचा श्वास हीच त्याची एकमेव शक्ती असते.

दमट-थंड हवा, झाडांचे परागकण, बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर एकत्र नांदणाऱ्या बंगळुरूमध्ये हा विषय घराघरांत पोहोचलेला आहे. येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी रुग्णालयात आलेल्या 18 वर्षांखालील 20 हजार मुलांची दोन दशकांत टप्प्याटप्प्याने पाहणी केली. दम्याचे प्रमाण 1979 मध्ये 9 टक्के होते. 1989 मध्ये ते 18.5 टक्के आणि 1999 मध्ये 29.5 टक्के आढळले. ही पाहणी रुग्णालयापुरती होती, त्यामुळे तिचे आकडे संपूर्ण शहराला लागू करता येत नाहीत. तथापि बदलत्या शहराचा मुलांच्या श्वासावर होणारा परिणाम त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आला. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत बंगळुरूच्या मोकळ्या भूखंडांवरही माजले. त्याच्या परागकणांचा ॲलर्जीशी असलेला संबंध येथील अभ्यासांत नोंदवला गेला आहे.

देशपातळीवरचे चित्र अधिक गंभीर आहे. 2019 च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात दम्याचे सुमारे 3.4 कोटी रुग्ण आहेत. जगातील एकूण रुग्णांत भारताचा वाटा सुमारे 13 टक्के असला, तरी दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तो 40 टक्क्यांहून अधिक आहे. उपचार उशिरा मिळणे, नियमित औषध मधेच सोडणे आणि इनहेलरविषयीचे गैरसमज यांच्या जोडीला इनहेलर चुकीच्या पद्धतीने वापरणे हेही आजार आटोक्यात न राहण्याचे एक मोठे कारण मानले जाते.

श्वास हीच शक्ती

इनहेलरचे ढोबळमानाने दोन प्रकार नेहमी वापरात असतात. पहिला दाबाचा पंप. 1956 मध्ये बाजारात आलेल्या या प्रकारात डबीतील वायू औषधाचा फवारा बाहेर फेकतो. तो घेताना श्वास सावकाश आणि खोल घ्यावा लागतो. दुसरा प्रकार कोरड्या भुकटीचा. भारतात ‘रोटाहेलर’ या नावाने परिचित असलेले उपकरण याच प्रकारातले. कॅप्सूल चौकोनी छिद्रात बसवून तळाचा भाग फिरवला की तिचे दोन भाग होतात, आणि माउथपीसमधून श्वास ओढताच आतील भुकटी हवेबरोबर वाहू लागते. येथे श्वास जोरदार असावा लागतो. दोन्ही प्रकार वापरणारे रुग्ण नेमकी याच ठिकाणी गल्लत करतात : पंप झटक्यात ओढतात आणि भुकटी हळुवारपणे.

जोर का लागतो, याचे उत्तर भुकटीच्या रचनेत आहे. औषधाचे कण फुफ्फुसाच्या बारीक नलिकांत उतरण्यासाठी 1 ते 5 मायक्रॉन इतके सूक्ष्म असावे लागतात. एवढे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. म्हणून बहुतेक औषधांत ते लॅक्टोज या दुधातील साखरेच्या मोठ्या कणांवर बसवलेले असतात. श्वासाच्या झोताने या जोड्या सुटल्या, तरच औषधाचे कण पुढे जातात. साखरेचे जड कण तोंडात व घशात राहतात. झोत दुबळा असेल तर औषधही साखरेबरोबर घशात थांबते. रुग्णाला तोंडात गोडसर चव जाणवते, औषध घेतल्याचे समाधान मिळते, पण छातीतील घरघर तशीच राहते. योग्य पद्धतीने घेतल्यावरही उपकरणानुसार मात्रेचा सुमारे 10 ते 40 टक्के भागच फुफ्फुसात पोहोचतो. चुकीच्या पद्धतीत तो आणखी घटतो.

अवरोध हा शत्रू नव्हे

हवा सहज आत येते ते उपकरण चांगले, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात गणित वेगळे आहे. चुलीपुढची फुंकणी पुढच्या टोकाला अरुंद असते म्हणूनच तिच्यातून येणारा झोत निखारा फुलवतो; तीच नळी रुंद असती तर तेवढ्याच फुंकरीने राखही हलली नसती. इनहेलरमधील अरुंद वाटा, जाळी आणि वळणे हेच काम करतात. ती हवेला अडवतात, तिचा वेग वाढवतात, तिच्यात भोवरे निर्माण करतात आणि भुकटीचे गोळे फोडतात.

या अवरोधानुसार उपकरणांचे कमी, मध्यम आणि जास्त असे गट पडतात. त्यांची तुलना करताना प्रयोगशाळेत साधारणपणे 4 किलोपास्कल इतका दाबफरक प्रमाण मानतात. या दाबफरकाला कमी अवरोधाच्या उपकरणातून मिनिटाला सुमारे 100 लिटर वेगाने हवा वाहते, तर जास्त अवरोधाच्या उपकरणातून सुमारे 40 लिटर वेगाने. याचा अर्थ असा की, जास्त अवरोधाच्या उपकरणात ओढायला जड वाटले तरी कमी प्रवाहातही भुकटी सुटते. उलट कमी अवरोधाच्या उपकरणात श्वास मोकळा वाटतो, पण भुकटी फुटण्यासाठी तो बराच वेगवान असावा लागतो. जेवढा जोर पहिल्या क्षणापासून लावला जाईल तेवढे चांगले. कारण कॅप्सूलमधील पुष्कळशी भुकटी श्वासाच्या आरंभीच बाहेर पडते. सुरुवात हळू करून शेवटी जोर लावणाऱ्याची बरीचशी मात्रा तोवर वाया गेलेली असते.

म्हणूनच ओढायला सोपे जावे यासाठी हवेची छिद्रे मोठी करणे, जाळी काढून टाकणे किंवा एका कंपनीच्या कॅप्सूल दुसऱ्या कंपनीच्या उपकरणात वापरणे धोक्याचे ठरते. उपकरण आणि औषध यांची चाचणी एकत्रितपणे झालेली असते. एकात बदल केला की मात्रेची खात्री राहत नाही.

धोतऱ्यापासून भुकटीपर्यंत

वनस्पती किंवा औषध श्वासावाटे घेण्याची कल्पना नवी नाही आणि तिचा एक धागा दक्षिण भारतातून जातो. मद्रास येथील वैद्यकीय अधिकारी डॉ. अँडरसन दम्यासाठी धोतऱ्याचा धूर सुचवत असत. 1802 मध्ये जनरल जेंट यांनी ही वनस्पती एडिंबराला नेली आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये दम्यासाठी धोतरा ओढण्याची प्रथा रुजली. पुढे त्याच्या औषधी सिगारेटही विकल्या गेल्या. धोतऱ्यातील ॲट्रोपिनसारखी द्रव्ये श्वासनलिकांचे स्नायू सैल करतात हे खरे. मात्र धोतरा विषारी आहे, त्याची मात्रा मोजता येत नाही आणि धूर स्वतःच श्वासनलिकांना इजा करतो. कोणीही आज तो उपाय करू नये.

विज्ञानाने या वनस्पतीतील गुण घेतला आणि धूर टाकून दिला. ॲट्रोपिनच्याच रासायनिक कुळातून इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही औषधे तयार झाली. टायोट्रोपियम आज मोजक्या मायक्रोग्रॅमच्या मात्रेत, कोरड्या भुकटीच्या कॅप्सूलमधूनही मिळते. भुकटीच्या उपकरणाचा इतिहासही असाच रोचक आहे. स्वतः दम्याचे रुग्ण असलेले आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना प्रशिक्षण देणारे डॉ. रॉजर अल्टोनियन यांनी ‘स्पिनहेलर’ विकसित केला. त्यात श्वासाच्या झोताने फिरणारा छोटा पंखा कॅप्सूलमधील भुकटी उधळत असे. त्यांनी ज्या औषधावर काम केले, त्याचे मूळही भूमध्य सागराच्या पूर्वेकडील एका वनस्पतीत होते.

तापवून ओढण्याची उपकरणे औषध नव्हेत

वाळलेली वनस्पती विजेवर तापवून तिची वाफ ओढण्याची खिशात मावणारी उपकरणे परदेशात विकली जातात. त्यांचे माउथपीस आणि हवेची छिद्रे यांचीही चर्चा होते. भारतात मात्र 2019 च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायद्याची व्याख्या व्यापक आहे. निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याजोगा वाफारा तयार करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग त्याचे नाव वा आकार काहीही असो, त्या व्याख्येत येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 खाली परवाना असलेली उत्पादने त्यातून वगळलेली आहेत. निर्मिती, आयात, विक्री वा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कर्नाटकाने तर 2016 मध्येच ई-सिगारेटवर बंदी घातली होती. दम्याच्या रुग्णाने अशा उपकरणाला इनहेलरचा पर्याय समजणे कायद्याच्या आणि प्रकृतीच्या अशा दोन्ही दृष्टींनी महागात पडू शकते.

माउथपीस : लहान भाग, मोठे काम

ओठ आणि माउथपीस यांच्यात फट राहिली, तर हवा त्या सोप्या वाटेने आत शिरते आणि उपकरणातला झोत मंदावतो. त्यामुळे माउथपीस दातांच्या मध्ये धरून ओठांनी घट्ट मिटावा आणि जीभ खाली ठेवावी. हवेची छिद्रे बोटांनी झाकली जाणार नाहीत, हे पाहावे. मान किंचित वर असावी.

श्वास ओढण्यापूर्वी तो पूर्ण सोडणे आवश्यक आहे, पण उपकरणापासून तोंड बाजूला करून. माउथपीसमध्ये सोडलेला उच्छ्वास ओलसर असतो. त्याने भुकटी बाहेर उडते किंवा भिजून गोळा होते. कोकण किनाऱ्यावर किंवा पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. कॅप्सूल वापराच्या वेळीच वेष्टनातून काढावी आणि इनहेलर न्हाणीघरात ठेवू नये. भुकटी ओढून झाल्यावर सुमारे 10 सेकंद, किंवा जमेल तेवढा वेळ, श्वास रोखून धरावा. कॅप्सूलच्या उपकरणात ओढताना तिचा खडखडाट ऐकू येतो. तो न आल्यास प्रवाह कमी पडला किंवा कॅप्सूल अडकली असे समजावे. आत भुकटी शिल्लक दिसली, तर पुन्हा ओढावी. इनहेलरची कॅप्सूल कधीही गिळू नये. औषधात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंडात बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता कमी होते.

स्वच्छतेचे नियम उपकरणागणिक बदलतात. रोटाहेलरसारखे साधे उपकरण पाण्याने धुता येते, पण पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये. ज्यात अनेक मात्रा आत साठवलेल्या असतात त्या उपकरणाला पाणी लावू नये; त्याचा माउथपीस कोरड्या कापडाने पुसावा. एकाचा माउथपीस दुसऱ्याने वापरू नये.

कोणाला कोणते उपकरण?

साधारणपणे पाच-सहा वर्षांखालील मुलांना भुकटी ओढण्याइतका जोर लावता येत नाही. अतिवृद्ध, अशक्त आणि फुफ्फुसाच्या जुनाट आजाराने थकलेल्या काही रुग्णांचीही तीच अडचण असते. अशांना दाबाचा पंप आणि स्पेसर अधिक सोयीचा ठरतो. लहान मुलांसाठी त्याला मुखवटा जोडता येतो. स्पेसर ही केवळ रिकामी प्लास्टिकची नळी वाटली, तरी ती फवाऱ्याचा वेग कमी करते आणि रुग्णाला शांतपणे श्वास घेण्याची सवड देते. तो साबणाच्या सौम्य पाण्यात धुऊन, न पुसता, हवेवर वाळवावा. कापडाने घासल्यास प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार निर्माण होतो आणि औषधाचे कण आतल्या भिंतीला चिकटतात. तीव्र झटक्यात श्वासाचा जोर घटतो. म्हणून एरवी भुकटी वापरणाऱ्यांनी अशा वेळेसाठी पंप आणि स्पेसर जवळ ठेवावा का, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

रुग्णाचा श्वास ओढण्याचा वेग मोजणारी साधी उपकरणे उपलब्ध आहेत. त्यांची तबकडी फिरवून वेगवेगळ्या इनहेलरचा अवरोध निवडता येतो आणि कोणते उपकरण त्या रुग्णाला झेपेल, याचा अंदाज औषध लिहून देण्यापूर्वीच बांधता येतो.

सवय नव्हे, पद्धत

इनहेलरची सवय लागते, हा समज अजूनही टिकून आहे. साल्ब्युटामॉलच्या गोळीत 2 ते 4 मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका दाबात मात्र 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या ते चाळिसाव्या हिश्शाइतके. थेट श्वासनलिकेत जात असल्याने एवढीशी मात्रा पुरते. पण ती तेथे पोहोचली तरच.

दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनुसार 70 ते 80 टक्क्यांपर्यंत रुग्ण इनहेलर योग्य रीतीने वापरू शकत नाहीत. 1975 ते 2014 या काळातील सुमारे 54 हजार रुग्णांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अचूक पद्धत केवळ 31 टक्क्यांच्या आसपास आढळली, आणि चार दशकांत तीत लक्षणीय सुधारणा झालेली नव्हती. उपकरणे बदलली, शिकवण्याची रीत मात्र फारशी बदलली नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. डॉक्टरांकडे जाताना रुग्णाने इनहेलर सोबत न्यावा आणि त्यांच्यासमोर तो वापरून दाखवावा. एकदा शिकलेली पद्धत काही आठवड्यांत बिघडते, म्हणून प्रत्येक भेटीत ती पुन्हा तपासून घ्यावी. औषधाची मात्रा वाढवण्याची किंवा औषध बदलण्याची वेळ आली असे वाटल्यास आधी ही तपासणी व्हावी. मात्र औषध घेऊनही धाप वाढत असेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर पद्धत तपासत बसू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.