जेसीबी रस्त्यावर येतो तेव्हा

बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला होडीनं माणसं येतात, दुचाक्याही येतात. पण जेसीबी काही होडीत चढत नाही. तो भाईंदरहून उत्तनमार्गे रस्त्यानंच येतो. त्याच रस्त्यानं आपण डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जातो, आपली मुलं शाळेत जातात. पावसाळ्याआधी नालेसफाई निघाली किंवा कुठे बांधकाम सुरू झालं, की ही यंत्रं दिसायला लागतात. म्हणून आज बोलू या, ती रस्त्यावर असताना आपण काय जपायचं आणि काय विचारायचं.

आधी नावं समजून घेऊ. पुढे मोठी बादली, मागे खोदायचा हात आणि खाली टायर, तो आपला जेसीबी. हे खरं तर कंपनीचं नाव, तिचे संस्थापक जोसेफ सिरिल बॅम्फर्ड यांच्या नावाची आद्याक्षरं. लोखंडी साखळीच्या पट्ट्यांवर चालतो तो पोकलेन. टायरवालं यंत्र नियम पाळून रस्त्यावरून स्वतः चालत जाऊ शकतं. साखळीवालं मात्र ट्रेलरवर चढवूनच न्यायचं असतं. पोकलेन डांबरी रस्त्यावरून खडखडत चाललेला दिसला, तर ते चूक आहे हे ओळखा.

टायरवाल्या यंत्राबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियम काय म्हणतात? याचं मुख्य काम रस्त्याबाहेरचं. रस्त्यावर यायचं ते कामापुरतं, थोड्या वेळासाठी, आणि वेग ताशी 50 किलोमीटरच्या आत. रस्त्यावर चालताना त्याची रुंदी 3 मीटरपेक्षा जास्त नको. 2.6 मीटरच्या पुढे जो भाग जातो त्यावर पिवळे-काळे पट्टे हवेत आणि रात्री लाल दिवे हवेत.

काही मालक म्हणतात, "हे यंत्र आहे, गाडी नाही. याला कसले कागद?" त्यांना सांगा, एक्स्कॅव्हेटर आणि रोड रोलर ही मोटार वाहनंच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली केरळच्या एका खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे रस्त्यावर आलं की नोंदणी, नंबरप्लेट, विमा आणि चालकाचं लायसन्स, सगळं लागतं. चालक 18 वर्षांचा तरी हवाच. रोड रोलरसाठी तर कायद्यात लायसन्सचा वेगळा वर्ग आहे. लायसन्स नसलेल्यानं चालवलं, तर त्याला 5,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि त्याच्या हाती यंत्र देणाऱ्या मालकालाही तेवढाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जेसीबीचा चालक उंच बसतो, म्हणून आपल्याला वाटतं त्याला सगळं दिसत असेल. तसं नाही. पुढे बादली आडवी येते आणि मागे खोदायचा हात. बादलीजवळून जाणारं लहान मूल किंवा खाली वाकलेली बाई त्याला दिसतच नाही. यंत्राचं वजन साडेसात टनांच्या आसपास, म्हणजे वीसेक रिक्षांएवढं. ब्रेक दाबला की जागच्या जागी थांबेल अशी आशा धरू नका.

वळताना तर जास्त धोका. जेसीबी डावीकडे वळला की मागचा हात उजवीकडे बाहेर फेकला जातो. त्या बाजूला उभी असलेली बाई म्हणते, "तो तर तिकडे वळतोय, मला काय होणार?" आणि नेमका तिलाच फटका बसतो. म्हणून वळणावर दोन्ही बाजूंनी लांब राहा. मुलांना एक खूण शिकवा: चालकाचे डोळे आपल्याला दिसले आणि त्यानं मान हलवली, तरच पुढे जायचं. डोळे दिसत नसतील, तर आपणही त्याला दिसत नाही.

नीट चालवणारा चालक कसा ओळखायचा? त्याची पुढची बादली खाली, जमिनीपासून थोडीच वर असते. मागचा हात दुमडून खिळीनं पक्का केलेला असतो, बाजूचे जॅक वर घेतलेले असतात. ट्रॅक्टरसारखेच यालाही ब्रेकचे दोन पेडल असतात. रस्त्यावर ते एकत्र जोडायचे असतात, नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून यंत्र गरकन फिरतं.

हायड्रा क्रेन भार लटकवून चालली असेल, तर भाराच्या आसपास थांबूच नका, तो झोके घेतो. आणि हौस म्हणून बादलीत कुणाला बसवू नका. मिरवणुकीत जेसीबीच्या बादलीतून फुलं उधळतात, ते बघायला छान वाटतं. पण बादली मातीसाठी आहे, माणसासाठी नाही.

आपल्या वाडीत कुणी जेसीबी भाड्यानं बोलावला, तर पैसे ठरवतानाच तीन गोष्टी बघा: नंबरप्लेट, चालकाचं लायसन्स आणि चालू विमा. यंत्र मागे घेताना वाट दाखवायला एक माणूस हवाच. शाळा सुटायच्या वेळी यंत्र हलवू नका, असंही सांगून ठेवा. विचारायला लाजू नका.

एवढं करूनही अपघात झालाच, तर 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलिसांना बोलवा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून कायद्यात संरक्षण आहे, तेव्हा मागे हटू नका. यंत्राचा नंबर लिहून घ्या, जमलं तर फोटो काढा. 2025 च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. विमा कंपनीकडून भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून पंचनामा आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपा. धडक देऊन कुणी पळून गेला आणि वाहन सापडलंच नाही, तरी मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या रस्त्यावरची अवघड वळणं कोणती, ते एका कागदावर लिहा आणि शाळेच्या वाटेपासून सुरुवात करा. तिथे मुलांनी कुठे थांबायचं ते ठरवा आणि एकदा त्यांना सोबत नेऊन ती जागा दाखवा. सांगितलेलं विसरतात, पण आईनं हात धरून दाखवलेली जागा लक्षात राहते.