ध्वनींचें मिश्रण आणि शब्दाचा मान

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठीं पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तांबें आणि जस्त यांचा रस एकत्र केला म्हणजे पितळ तयार होते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जस्त प्रमाणाबाहेर पडलें तर तो धातु ठिसूळ होतो, आणि मग वरून कितीहि झिलई दिली तरी भांडें ठोक्यासरशीं तडकतें. संगणकावर रचल्या जाणाऱ्या विद्युत्संगीताची गोष्टहि कांहींशी अशीच आहे. एखादें गाणें सफाईदार कां वाटत नाहीं, याचें कारण बहुधा झिलईंत नसतें; तें मिश्रणांत असतें.

अशा गाण्यांत ढोलाचा ठेका, खर्जाचा सूर, सिंथेसायझरचे स्वर आणि गायकाचा कंठ हे सारे निरनिराळे मुद्रित केलेले असतात. त्यांस योग्य प्रमाणांत एकत्र आणणें हें मिश्रण. तयार गाण्यास अखेरची चकाकी देणें हें त्यानंतरचें काम. मात्र पितळेहून येथें एक भेद आहे. पितळेंत तांबें वेगळें दिसत नाहीं. गाण्यांत प्रत्येक ध्वनि एकजीव होऊनहि ओळखूं आला पाहिजे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टींत दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारीं नाटकें यांची थोर परंपरा आहे. तेथील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. समजा, या भागांतील एका तरुणानें दंडारीच्या ढंगाचें गाणें संगणकावर बांधलें. शब्द झाडीबोलीचे आहेत, पण ते नीट ऐकूं येत नाहींत. तो कंठ चढवितो, तर ढोल फिका वाटतो. ढोल चढवितो, तर खर्ज हरवतो. अखेरीस सारेंच चढतें आणि शब्द होते तेथेंच राहतात!

याचें कारण कानाच्या स्वभावांत आहे. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनि ऐकतो. परंतु दोन ध्वनींची कंपनसंख्या जवळजवळ असली, तर मोठा ध्वनि लहानास झांकून टाकतो. शिवाय संगणकांतील ध्वनीस एक पक्कें छत असतें. त्यास शून्य डेसिबल म्हणतात. त्यावर गेलेल्या लहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज कर्कश होतो. म्हणून पहिला नियम चढविण्याचा नसून उतरविण्याचा आहे. सर्व ध्वनि खालीं आणावे, छतापाशीं सुमारें ६ डेसिबल मोकळे ठेवावे, प्रथम कंठ बसवावा आणि मग त्याच्या मानानें एकेक वाद्य आंत घ्यावें.

दुसरा नियम जागा करून देण्याचा. व्यंजनांची स्पष्टता बरीचशी २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यांत असते. सिंथेसायझरचा तेवढाच पट्टा इक्वलायझरनें थोडा उतरविला, तर कंठ न चढवितां शब्द पुढें येतात. ढोल आणि खर्ज यांचेंहि तसेंच: एकाचा भर ६० कंपनांच्या आसपास ठेवला तर दुसऱ्याचा १०० च्या आसपास ठेवावा. कॉम्प्रेसरनें मोठीं अक्षरें दाबून लहानांच्या बरोबरीस आणतां येतात. पण तो अति वापरला तर गाण्याचा श्वासच कोंडतो. घुमाराहि बेताचाच असावा; मिठासारखा, चवीपुरता.

तिसरा नियम परीक्षेचा. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज हळू असतां कानास खालचे स्वर फारच कमी ऐकूं येतात. त्यामुळें मोठ्या आवाजांत भरदार वाटलेलें गाणें हळू आवाजांत पोकळ वाटतें. यास्तव मिश्रण हळू आवाजांत पारखावें, मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यावर ऐकावें, आणि एक रात्र लोटल्यावर ताज्या कानानें पुन्हा ऐकावें. मोबाइलवर खर्ज बहुतेक नाहींसा होईल. परंतु शब्द टिकले पाहिजेत.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. झाडीबोलीसारखी बोली ग्रंथांपेक्षां मुखांतच अधिक नांदते. तिच्या एखाद्या शब्दाचें व्यंजन ढोलाखालीं दबलें, तर त्या बोलीशीं अपरिचित असलेल्या श्रोत्यास तो शब्द पोंचतच नाहीं. आणि न पोंचलेल्या शब्दाविषयीं तो विचारणार तरी काय?

जाणती गृहिणी भांडें घेतांना त्याची चकाकी पाहून थांबत नाहीं. ती त्यास टिचकी मारते आणि नाद ऐकते. गाणें बांधणाऱ्यानेंहि झिलई देण्यापूर्वीं तेवढें करावें.