कांटा कां हलत नाहीं?

वजनाचा कांटा आतां घरोघर आला आहे. पूर्वीं तो वाण्याच्या दुकानांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत, किंवा नाणें टाकल्यावर तिकीट देणाऱ्या यंत्राच्या रूपानें रेल्वेच्या फलाटावर भेटे. आतां तो न्हाणीघराच्या दाराशीं येऊन बसला असून, सकाळीं देवाला हात जोडण्यापूर्वीं त्याचें दर्शन घेणारी मंडळी कांहीं थोडी नाहीं. आणि या नव्या दैवताविषयीं जी तक्रार आमच्या कानांवर वारंवार येते ती एकच : “महिनाभर भात सोडला, रोज तासभर फिरावयास जातों, पण कांटा जागचा हलत नाहीं !”

तक्रार वरवर क्षुल्लक दिसली, तरी तिचे परिणाम क्षुल्लक नसतात. तिसऱ्या आठवड्यांत कांटा रुसला कीं एखादे गृहस्थ म्हणतात, “आमच्या हाडापेराचाच हा गुण,” आणि फिरणें बंद करून पुनः आरामखुर्चींत जाऊन बसतात. दुसरीकडे एखादी सून किंवा उपवर मुलगी रात्रीचें जेवण टाकते, मग सकाळचेंही अर्ध्यावर आणते, आणि दोन महिन्यांनीं जिना चढतांना तिला थकवा येऊं लागतो. गृहस्थांनीं चांगलें चाललेलें काम सोडलें, मुलीनें नसतें दुखणें ओढवून घेतलें, आणि दोघांनाही फसविलें तें एका आंकड्यानें. तेव्हां हा आंकडा मुळांत कशाचा असतो, हें नीट पाहणें अवश्य आहे.

कांटा चरबी मोजीत नाहीं. हाडें, मांस, रक्त, पोटांतील अन्न, आंतड्यांतील मळ, मूत्राशयांतील पाणी आणि अंगावरचे कपडे या सर्वांची एकच मोळी बांधून तो तिचें वजन सांगतो. ही गोष्ट चारशें वर्षांपूर्वीं इटलींतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ यानें जितकी मनावर घेतली तितकी क्वचितच कोणीं घेतली असेल. त्यानें एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली, तिच्यावर बसून तो जेवी, आणि खाल्लेलें, प्यालेलें व शरीराबाहेर टाकलेलें सर्व सुमारें तीस वर्षें तोलीत राहिला. १६१४ सालीं त्यानें आपले निष्कर्ष छापले. आठ पौंड अन्नपाणी पोटांत गेलें, तर त्यांतील सुमारें पांच पौंड डोळ्यांस न दिसतां त्वचेवाटें व श्वासावाटें उडून जातें, असें त्याला आढळलें होतें. त्याच्या घरच्या मंडळींना हा खुर्चीचा संसार कसा वाटत असेल, याची कल्पनाच करावी !

चरबी घामावाटें वितळून जाते अशी जी समजूत आहे, तिचाही येथेंच निकाल लावूं. २०१४ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोन संशोधकांनीं हिशेब मांडून दाखविला कीं, दहा किलो चरबी जळाली तर तींतील ८·४ किलो भाग कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या रूपानें श्वासावाटें जातो, आणि अवघ्या १·६ किलोचें पाणी होतें. जाड स्वेटर घालून घाम काढल्यानें जें वजन उतरतें, तें तांब्याभर पाणी प्याल्याबरोबर परत येतें.

आतां थोडें गणित. शरीरांतील एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक सांठविलेले असतात. एखाद्यानें आहार आंवरून व फिरून दिवसाला ३०० उष्मांकांची तूट पाडली, — आणि ही तूट लहान नव्हे, — तर दिवसास सुमारें ४० ग्रॅम चरबी घटेल. जुन्या मापानें साडेतीन तोळे. उलट निरोगी माणसाचें वजन एका दिवसांत किलो-दीड किलोनें खालवर होणें ही नित्याची गोष्ट आहे. अशा भरती-ओहोटींत साडेतीन तोळ्यांची घट शोधणें म्हणजे धान्याच्या पोत्यांच्या कांट्यावर नथ तोलण्यासारखें आहे.

या भरती-ओहोटीचें मुख्य कारण पाणी. आपल्या यकृतांत सुमारें १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम ग्लायकोजेन नांवाचा पिठूळ साखरेचा सांठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमाशीं सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. भात-पोळी एकदम कमी केली कीं हा सांठा खर्ची पडतो, पाणी मोकळें होऊन निघून जातें, आणि पहिल्याच आठवड्यांत कांटा दीड-दोन किलोनें उतरतो. घरांत आनंदीआनंद होतो. पुढें एखाद्या मुंजीचें जेवण झालें कीं कोठार पुनः भरतें, त्याबरोबर पाणीही येतें, आणि आनंदाची जागा विषाद घेतो. वस्तुतः पहिल्या आठवड्यांत जें गेलें तेंही बहुतांशीं पाणी होतें, आणि मुंजीनंतर जें आलें तेंही पाणीच.

व्यायामाचा याहून चमत्कारिक परिणाम होतो. ज्यानें वर्षानुवर्षें अंग हलविलें नाहीं त्यानें एकदम पंचवीस सूर्यनमस्कार घातले म्हणजे दुसऱ्या दिवशीं मांड्या व दंड भरून येतात. स्नायूंना सूक्ष्म इजा होऊन ती भरून निघण्यासाठीं तेथें पाणी गोळा होतें. शिवाय नियमित व्यायामानें रक्तांतील द्रवाचें प्रमाण वाढतें. हें हृदयास हितकारकच आहे, पण कांट्यावर तें वजन म्हणूनच उमटतें. म्हणजे एका बाजूनें चरबी उतरत असतां दुसऱ्या बाजूनें पाणी चढत असतें, आणि कांट्याला दोहोंमधील भेद कळत नाहीं. आदल्या रात्रीं लोणचें-पापड अंमळ जास्त झालें, पोट साफ झालें नाहीं, प्रवासानें पाय जड झाले, या सर्वांचेंही तेंच. स्त्रियांच्या शरीरांत तर मासिक पाळीपूर्वीं कांहीं दिवस पाणी सांठून राहतें. यासाठीं त्यांनीं या आठवड्याच्या वजनाची तुलना मागील आठवड्याशीं न करतां, मागील महिन्यांतील पाळीच्या त्याच दिवसांशीं करावी. ही साधी गोष्ट घरांत कोणी कोणास सांगत नाहीं, आणि मुली विनाकारण कष्टी होतात.

तथापि सर्व दोष पाण्यावर टाकून मोकळें होतां येत नाहीं. १९९२ सालीं न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं, दिवसाला बाराशें उष्मांकांहून कमी खाऊनही वजन उतरत नाहीं अशी तक्रार करणाऱ्या दहा स्थूल माणसांची कसून तपासणी केली. शरीराचा खरा खर्च मोजतां यावा म्हणून त्यांना खुणेचें, म्हणजे जड परमाणूंचें पाणी पाजण्यांत आलें. त्यांचा देह शक्ति जाळण्यांत मुळींच मंद नव्हता. मात्र तीं आपला आहार प्रत्यक्षापेक्षां सरासरी ४७ टक्क्यांनीं कमी सांगत, आणि आपली हालचाल ५१ टक्क्यांनीं अधिक ! त्यांना लबाड म्हणण्याचें कारण नाहीं. न मोजतां खाल्लेलें स्मरणांत राहत नाहीं, एवढेंच.

आपल्या एकत्र कुटुंबांत तर हा हिशेब ठेवणें अधिकच अवघड. एका पातेल्यांतलें अन्न दहा पानांत जातें, आणि वाढणारीचा हात सढळ असणें हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. वरणभातावर सासूबाईंनीं प्रेमानें सोडलेली तुपाची धार मोठा चमचाभर असली तर ती सुमारें १२० उष्मांकांची होते. शेवटीं जेवणाऱ्या गृहिणीचा प्रश्न तर निराळाच. उरलेली वाटीभर आमटी, मुलानें टाकलेली अर्धी पोळी, “वायां कां घालवावयाचें ?” म्हणून तीच संपविते, आणि तें जेवणांत धरीत नाहीं. उपवासांविषयीं अधिक काय सांगावें ? “एकादशी आणि दुप्पट खाशी” ही म्हण आपल्याच लोकांनीं आपल्यालाच उद्देशून केलेली आहे. शंभर ग्रॅम साबूदाण्यांत सुमारें ३५०, तितक्याच शेंगदाण्यांत सुमारें ५६० उष्मांक असतात, आणि खिचडींत वर तूप असतेंच. दोन-दोन चमचे साखरेचे पांच पेले चहा घेतला तर दूध न धरतांही दोनशें उष्मांकांच्या आसपास जातात. उलट साठ किलो वजनाच्या माणसानें पांच किलोमीटर चालावें तेव्हां कोठें स्वस्थ बसण्यापेक्षां दीडशें उष्मांक अधिक खर्च होतात. फिरून आल्यावर “आज चांगलें फिरणें झालें” म्हणून घेतलेली एक पुरणपोळी तुपासह हा सर्व खर्च भरून काढून वर शिल्लक टाकते. अर्थात् पुरणपोळी खाऊं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. ती फिरण्याच्या खात्यांतून वजा करूं नये, इतकेंच.

एवढें सांभाळूनही कांहीं महिन्यांनीं उतार मंदावतो, तो शरीराच्या स्वतःच्या काटकसरीमुळें. या काटकसरीचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत झाला. महायुद्धांत उपासमार झालेल्या लोकांना पुनः कसें खाऊं घालावें हें कळावें म्हणून अॅन्सेल कीज यांनीं छत्तीस तरुण स्वयंसेवकांना १९४५ सालीं चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांना आठवड्याला बावीस मैल चालावेंही लागे. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें उतरलें, पण सारख्या गतीनें नव्हे : आरंभीं झपाट्यानें आणि पुढें रेंगाळत. विश्रांतींतील त्यांचा शक्तिव्यय सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटला. त्यांना थंडी वाजे, जिना चढवेना, मन खिन्न राही, रात्रंदिवस अन्नाचेच विचार येत. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष हें कीं, त्यांचे घोटे सुजले. मांस झडत असतां अंगांत पाणी धरत होतें, त्यामुळें खरी झीज कांट्यावर दिसत होती तिच्यापेक्षां अधिक होती. रात्रीचें जेवण टाकणाऱ्या मुलीच्या आईनें हा प्रयोग अवश्य ध्यानांत ठेवावा.

बेतानें खाणाऱ्याची अशी दशा होत नाहीं. परंतु लहान झालेल्या देहास कमी इंधन पुरतें, हा नियम त्यालाही लागू आहे. अमेरिकेंतील केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं याचें गणित बसविलें. रोजच्या आहारांत सुमारें २४ उष्मांकांची कायम घट केली तर वजन कालांतरानें एक किलो उतरतें, मात्र त्यांतील निम्मी घट होण्यासच सुमारें एक वर्ष लागतें. आमचे मघांचे तीनशें उष्मांक साध्या भागाकारानें वर्षाला चौदा किलो उतरवतील असें दिसतें. या नियमानें पाहिलें तर पहिल्या वर्षीं सहा किलोच उतरतील. चौदांची आशा धरणारा सहावर निराश होतो, आणि सहा किलो म्हणजे केवढी मिळकत हें विसरतो.

आतां कांट्याला जें मुळींच सांगतां येत नाहीं, त्याकडे वळूं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां मित्रांनीं २००४ सालीं आपलें एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही अगदीं एकच, २२·३ होता. परंतु चरबीचें प्रमाण युडकिन यांच्या शरीरांत ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१·२ टक्के ! कांट्याच्या दृष्टीनें दोघे सारखे. आंतून पाहतां एकाच्या देहांत चरबी दुपटीहून अधिक. आपल्या लोकांचा हा विशेष आहे, — हातपाय बारीक, वजन बेताचें, आणि चरबी पोटांत. ती हटून तिच्या जागीं मांस आलें, तर देह पालटतो आणि कांटा मात्र तेथेंच राहतो.

असें होणें शक्य आहे काय, अशी शंका कोणास आल्यास चेन्नईच्या एका अभ्यासाकडे पाहावें. तेथें डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पांचशें एकतीस भारतीयांना निरनिराळ्या गटांत विभागून तीन वर्षेंपर्यंत पाहिलें. निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमींचाच सल्ला दिला होता त्यांतील ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. ज्यांना आहार सुधारून नित्य चालावयास लावलें होतें त्यांत हें प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिलें. आणि या दुसऱ्या गटाच्या वजनांत म्हणण्यासारखी घट झालेलीच नव्हती. तीन वर्षें त्यांतील कितीएकांनीं कांट्यावर उभें राहून “कांहीं उपयोग नाहीं” असें म्हटलें असेल. आणि त्याच काळांत त्यांचा मधुमेह टळत होता. आरामखुर्चींत परतलेल्या गृहस्थांना आम्ही ही हकीकत मुद्दाम सांगूं इच्छितों.

तेव्हां कांट्यास घराबाहेर घालविण्याचें कारण नाहीं, पण त्याला एकट्यास साक्षीदार धरूं नये. आठवड्यांतून एकदां, ठराविक वारीं, सकाळीं शौचानंतर व चहापूर्वीं वजन घ्यावें, लिहून ठेवावें, आणि चार-सहा आठवड्यांचे आंकडे एकत्र पाहावे. शिंप्याच्या फितीनें बेंबीच्या पातळीवर कमर मोजावी. आपल्या लोकांत पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरांच्या आंत असावी, असें मानतात. कमर दोन बोटें उतरली आणि वजन तितकेंच राहिलें, तर चाललें आहे तेंच चालूं द्यावें. रक्तांतील साखर व रक्तदाब यांचे जुने कागद नव्यांशेजारीं ठेवून पाहावे.

मात्र कांट्याचें ताबडतोब ऐकावें असेही प्रसंग आहेत. दोन-तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वजन वाढून पायांवर सूज आली, निजल्यावर धाप लागूं लागली, तर तो हृदयाचा किंवा मूत्रपिंडांचा विकार असूं शकतो, आणि तेथें पथ्याचा विचार करीत बसूं नये. थंडी न सोसणें, मलावरोध, केंस गळणें, सदैव मरगळ, यांबरोबर वजन वाढत असल्यास थायरॉईड ग्रंथीसाठीं रक्ताची तपासणी करावी. इन्शुलिन, स्टिरॉइड व मनोविकारांवरील कांहीं औषधें यांनींही वजन वाढतें. परंतु तीं आपल्या मनानें बंद करणें धोक्याचें आहे. डॉक्टरांकडे जातांना चालूं औषधांच्या सर्व चिठ्ठ्या न्याव्या, आणि सांधेदुखीसाठीं किंवा दम्यासाठीं कोणा ओळखीच्याकडून आणलेलें चूर्ण चालूं असेल तर त्याची पुडीही बरोबर असूं द्यावी. कारण अशा चूर्णांत स्टिरॉइडची भेसळ कधीं कधीं सांपडते.