स्क्रू किती वेळा उघडायचा

मूर्तिजापुरात दवाखाना रोज उघडा असतो, इम्प्लांटचे सर्जन मात्र ठरल्या वारीच अमरावतीहून येतात. कॅप बनवणारी लॅबही तिकडचीच. त्यामुळे एक दाढ बसवायची म्हटली की काम तीन हातांत वाटले जाते. स्क्रू सर्जनचा, माप इथल्या डॉक्टरांचे, कॅप लॅबवाल्याची. माप एसटीच्या पार्सलने जाते आणि कॅप तशीच परत येते. दर्यापूरकडून आलेले काका खुर्चीत बसता बसताच म्हणाले, ‘‘एका दातासाठी सतरा चकरा कायले, डॉक्टरसाहेब?’’ डॉक्टर हसले. हिरडीलाही हाच प्रश्न पडत असेल, असे मला मागच्या स्टुलावर बसून काम पाहताना वाटून गेले.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 साली सशाच्या हाडात हा धातू असा घट्ट रुतलेला दिसला की तो निघेना. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. स्क्रूच्या वर कॅप आणि दोघांना जोडणारा मधला तुकडा तो अबटमेंट. हिरडीतून तोंडात डोकावतो तो हाच. दाताभोवती हिरडीचे तंतू मुळात आडवे घुसून पक्के रोवलेले असतात. टायटॅनियमवर तसे होत नाही. तिथे हिरडी धातूला वेढून नुसती चिकटते. साधारण तीन मिलिमीटर उंचीची ही नाजूक पकड तोंडातल्या जंतूंना हाडापासून लांब ठेवते.

अबटमेंट काढला की ती पकड फाटते. बारीकसे रक्त येते, गॉजने टिपले की थांबते, आणि काही झालेच नाही असे वाटते. पण खपली दर आठ दिवसांनी काढून पाहिली तर जखम जशी खोल जाते, तसेच इथे होते. हिरडी नवी पकड थोडी खाली जाऊन धरते, आणि तिला जागा देण्यासाठी हाड मागे सरते. गोथेनबर्गच्या अब्राहमसन, बर्गलुंध आणि लिंडे यांनी 1997 साली कुत्र्यांवर हे तपासले. ज्या बाजूचे अबटमेंट पुन्हापुन्हा काढून, स्वच्छ करून लावले तिथले हाड झिजले. ज्या बाजूला हात लावला नाही तिथले टिकले. त्याच गटाने 2003 मध्ये दाखवलेली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. हीलिंग कॅप, म्हणजे हिरडी भरेपर्यंतचे तात्पुरते झाकण, एकदाच काढून कायमचा अबटमेंट लावला, तर नुकसान दिसले नाही. म्हणजे एकदा उघडल्याने बिघडत नाही, सवयीने उघडल्याने बिघडते.

आणि सवय लागतेच. हीलिंग कॅप काढून हिरडी पाहा, मग माप घ्या, मग अबटमेंटची फिटिंग, मग कॅपचा रंग, मग ‘उंची थोडी जास्त वाटते’ म्हणून परत. लॅबच्या चुकीचा प्रत्येक फेरा हिरडीच्या खात्यात जमा होतो. म्हणून इथले डॉक्टर आता एकच करतात. शक्य तिथे सर्जन आले त्याच दिवशी कायमचा अबटमेंट बसवून घ्यायचा आणि पुढची सगळी मापे त्याच्यावरूनच घ्यायची. यात एक अट आहे. अबटमेंटची उंची त्याच दिवशी अचूक निवडावी लागते. हिरडी पातळ असेल तर कडा पुढे उघडी पडू शकते, आणि मग बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

काकांचे काम सुरू झाले. लॅबमधून आलेला तुकडा चकचकीत होता, पण डॉक्टरांनी तो आधी अल्ट्रासॉनिकच्या पाण्यात टाकला, मगच ऑटोक्लेव्हमध्ये. पॉलिशची भुकटी आणि मेणाचा अंश वाफेने निर्जंतुक होतो, निघत मात्र नाही, असे ते म्हणाले. नंतर तुकडा चिमट्यानेच उचलला. लाळेने माखलेले ग्लोव्ह्ज त्याला लागू दिले नाहीत. अबटमेंटचा स्क्रू आधी हाताने, मग टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाला, या जातीसाठी 30 न्यूटन-सेंटिमीटर. रेंच ‘कट्’ करून सुटला. थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा आवळला, कारण ताणलेला स्क्रू थोडा सैल बसतो. सैल राहिला तर अबटमेंट हलतो, फटीतून जंतू ये-जा करतात, आणि मग हाड झिजायला कोणी उघडायचीही गरज नसते.

कॅप सिमेंटने न चिकटवता स्क्रूनेच लावली. हिरडीखाली सिमेंटचा कण राहिला तर तो वर्षानुवर्षे छळतो, आणि एक्स-रेत बहुधा दिसतही नाही.

आता जरा माप ठेवून बोलायला हवे. अबटमेंट काढण्या-न काढण्याच्या तुलनांत हाडाचा फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शांत भरतो. 1986 च्या अल्ब्रेक्टसन यांच्या निकषांनुसार पहिल्या वर्षानंतर दरसाल 0.2 मिलिमीटरपर्यंतची झीज चालते. त्यामुळे जाड हिरडीच्या मागच्या दाढेत एखादा जास्तीचा फेरा पचतो. समोरच्या दातात, पातळ हिरडीत तोच फेरा राखाडी धातू दाखवतो. आणि वऱ्हाडात हिशेबात धरायची दुसरी गोष्ट गालात असते. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आणि भरून येण्याची ताकद दोन्ही घटतात. खर्रा चालू असेल तर दहाव्या हिश्शाची काटकसर कितपत कामी येईल, मला शंका आहे.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून पडद्यावर इम्प्लांटचे आटे मोजले. हाड पहिल्या आट्याच्या वर होते. पुढच्या वर्षी याच कोनातून पुन्हा काढायचा, दाढेच्या फटीत रोज बारीक ब्रश फिरवायचा, खर्रा बंद.

‘‘मग पुढच्या साली उघडून पाहसान का?’’ काकांनी विचारले.

‘‘हललं किंवा सुजलं तरच. नाहीतर हात लावणार नाही,’’ डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.