सोन्याचं सोनेपण, वाघाचं वाघपण

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. वस्तूचं सत्त्व म्हणजे जे काढून घेतलं तर ती वस्तू 'ती' राहणारच नाही, ते. आज प्रश्न असा घेऊ: विज्ञान वर्गीकरण करतं तेव्हा ते अशी सत्त्वं शोधतं, की सोयीसाठी नुसते कप्पे पाडतं?

सतराव्या शतकात जॉन लॉकने एक भेद केला. पिवळेपणा, जडपणा अशा ज्या खुणांवरून आपण एखाद्या धातूला 'सोनं' म्हणतो, ते त्याचं नामसत्त्व. ज्या आतल्या रचनेमुळे हे गुण येतात, ते वास्तव सत्त्व. लॉकच्या मते ही रचना आपल्याला ठाऊक नाही, म्हणून वर्गीकरण नामसत्त्वावरच चालतं.

पुढे काय झालं बघा. १८६९ साली मेंडेलीव्हने मूलद्रव्यं मुख्यतः अणुभाराच्या क्रमाने मांडली. पण टेल्युरियमचा अणुभार १२७.६ आणि आयोडीनचा १२६.९. भाराप्रमाणे आयोडीन आधी यायला हवं. गुणधर्म पाहून त्याने ते नंतर ठेवलं. १९१३ पासून मोझलीच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांमुळे कळत गेलं, की खरा क्रम अणुकेंद्रावरच्या विद्युतभाराचा आहे. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. शिशाचे अणू २०६, २०७, २०८ अशा वेगवेगळ्या वस्तुमानांचे असतात, तरी सगळं शिसंच. ८२ हा अणुअंक बदलला, की मात्र शिसं संपलं.

म्हणूनच क्रिप्के म्हणतो, की सोन्याचा अणुअंक ७९ असणं हा शब्दाचा अर्थ नव्हे, तो शोध आहे. आणि तरीही ते अनिवार्य सत्य आहे.

मग वाघाचाही असा एखादा '७९' असेल का? इथे आपली गाडी अडते. डार्विनने १८५९ मध्ये दाखवलं, की एका प्रजातीतल्या जीवांमधले फरक म्हणजे बिघाड नव्हे; नैसर्गिक निवड चालते ती त्या फरकांवरच. पांढरा वाघ वाघच असतो, कारण तो वाघांच्या पोटी जन्मला. गुणांची कुठलीही यादी त्याला वाघ ठरवत नाही, वंशाचं नातं ठरवतं. आणि ते नातं मागे मागे नेलं, तर 'इथून वाघ सुरू झाला' अशी रेघ सापडत नाही.

तेव्हा सत्त्व आहे की नाही, याला एकच उत्तर नाही. रसायनात ते सापडलं, जीवसृष्टीत सापडलं नाही. हा भेद विसरून आपण 'अमुक जातीचे लोक मुळातच तसे' म्हणतो, तेव्हा काय करतो? माणसांच्या गटाला सोन्यासारखा अणुअंक चिकटवतो. ही केवळ उद्धट भाषा नाही, ती तत्त्वज्ञानातली चूक आहे. आणि तिची किंमत माणसं मोजतात.