पुणे-नागपूर: किलोमीटर आणि मिनिटं

दापोडीपासून लोहगाव विमानतळ सरळ रेषेत जेमतेम १० किलोमीटर. खडकी, विश्रांतवाडी असा वळसा घेत गर्दीतून जाताना मात्र हे अंतर भलतंच लांबतं.

लोहगाव ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर पाऊण तास पुरायला हवा. वेळापत्रकात साधारण सव्वा ते दीड तास दिसतो, आणि ते रास्तच आहे. दार बंद झाल्यावर धावपट्टीपर्यंत सरकणं, उंची गाठणं, उतरण्याआधी वेग कमी करणं हे सगळं त्यात मोजलेलं असतं. शिवाय लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. लढाऊ विमानांनाही तीच धावपट्टी लागते.

रस्त्याने हाच प्रवास ७०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बसमध्ये अख्खी रात्र.