एक्स-बो घेऊ की मोर्टार?

क्लॅश रॉयल खेळणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, जायंट नाहीतर हॉग रायडर सोडून थेट टॉवरवर तुटून पडणारे. आणि दुसरे, नदीच्या अलीकडे निवांत बसून पलीकडचा टॉवर फोडणारे. या दुसऱ्या जमातीला सगळे मनापासून शिव्या घालतात. बोअर खेळता, हिंमत नाही, वगैरे वगैरे. अस्मादिक याच जमातीतले!

ज्यांनी हा गेम कधी उघडलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने २ मार्च २०१६ रोजी हा गेम जगभर आणला. तुमच्या डेकमध्ये ८ कार्डं, त्यातली ४ हातात. प्रत्येक कार्डाची किंमत एलिक्सिरमध्ये. एलिक्सिर साठतं जास्तीत जास्त १०, आणि सुरुवातीला एक थेंब भरायला लागतात २.८ सेकंद. मॅच ३ मिनिटांची. शेवटच्या मिनिटात एलिक्सिर दुप्पट वेगाने भरतं. म्हणजे ऑफिसच्या बसमध्ये, चहाच्या रांगेत किंवा बॉसची वाट बघताना एक मॅच आरामात होते.

या गेममध्ये वेढा घालणारी दोन खास कार्डं आहेत, एक्स-बो आणि मोर्टार. मोर्टार म्हणजे आपल्याकडची उखळी तोफ आणि एक्स-बो म्हणजे स्टँडवर बसवलेलं राक्षसी धनुष्य. गंमत म्हणजे याच कंपनीच्या २०१२ च्या क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये ही दोघं गावाची राखण करतात. इथे मात्र त्यांना नदीकाठी नेऊन बसवायचं आणि पलीकडे मारा करायचा.

वरवर बघाल तर दोन्ही सेम टू सेम. दोन्ही इमारती. दोघांचा पल्ला साडेअकरा टाइल्स. दोघांनाही उभं राहायला साडेतीन सेकंद लागतात. दोघंही आकाशातल्या शत्रूला हात लावू शकत नाहीत. मग फरक कुठे? आणि फरक नसेल तर एवढा विचार कशाला?

विचार अशासाठी, की अपग्रेडला सोनं लागतं. ते साठायला आठवडेच्या आठवडे जातात आणि एकदा घातलं की परत मिळत नाही. पगारातून उरलेले पैसे कुठे गुंतवायचे, तसाच हा प्रश्न. त्यात एक्स-बो एपिक, मोर्टार कॉमन. दोन्ही वर नेईन म्हणाल, तर दोन्ही अर्धवट राहतात.

स्पीड की दणका?

एक्स-बो म्हणजे बाणांची बरसात. एकेक बाण किरकोळ, पण थांबणं माहीतच नाही. तो एकदा टॉवरला लागला की समोरच्याची धांदल उडते. मोर्टारचं उलट. पाच सेकंदांत एक दगड, पण जिथे पडेल तिथल्या आजूबाजूच्या सगळ्यांना प्रसाद! स्केलेटनची झुंड असेल तर एका फटक्यात साफ. मात्र दगड उडतो सावकाश. धावणारा शत्रू तोवर पुढे सटकतो.

शिवाय मोर्टारला एक आंधळी जागा आहे. साडेतीन टाइल्सच्या आत आलेल्याला ती मारूच शकत नाही. हा दोष आहेच, पण कधीकधी तोच उपयोगी पडतो. समोरच्याने मोर्टारला अगदी खेटून जायंट टाकला तर ती त्याच्याकडे ढुंकूनही न बघता टॉवरवर दगड टाकत राहते. एक्स-बोचं तसं नाही. उभं राहण्याच्या त्या साडेतीन सेकंदांत समोरच्याने नाकासमोर जाडजूड सैनिक आणून ठेवला, की बाण त्याच्यावर वाया जातात. आधी टॉवर लॉक झाला तर मात्र तो टॉवरलाच धरून राहतो. झॅपसारखा झटका बसला तर लॉक सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

६ आणि ४ चा हिशेब

माझ्या मते खरी मेख किमतीत आहे. एक्स-बोला ६ एलिक्सिर, मोर्टारला ४. दोनचा तर फरक, असं वाटेल. पण तुमच्याकडे असतात एकूण १०! एक्स-बो लावल्यावर हातात उरतात ४, मोर्टार लावल्यावर ६. चारमध्ये एक नाइट येतो आणि वर एक स्केलेटन. सहामध्ये नाइट आणि आर्चर्स दोन्ही येतात. वेढा फसला आणि उलटा हल्ला आला, तर या दोन थेंबांवर टॉवर वाचतो किंवा जातो. समोरच्याने ६ चं रॉकेट टाकलं तर एक्स-बोच्या बाबतीत खर्चाचं फिट्टंफाट. मोर्टारवर टाकलं तर त्याचेच २ जास्त गेले.

माझा मावसभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे आणि पक्का एक्स-बोवाला आहे. त्याच्याशी यावरून माझे कायम वाद.

"अगं, एक्स-बो एकदा लागला ना, की टॉवर गेलाच समज."

"आणि नाही लागला तर, दादा?"

"मग मॅच गेली."

त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. समजा, समोरच्याने ८ चा गोलेम मागे टाकला. त्याच्याकडे उरले २. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला एक्स-बो लावलात तर त्याला अडवायला तो काय टाकणार? अशा वेळी एक्स-बो जी वसुली करतो ती मोर्टारला जमत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. एक कार्ड खेळलं की मध्ये आणखी चार कार्डं खेळल्याशिवाय ते परत हातात येत नाही. म्हणून एक्स-बोवाले डेक स्वस्त ठेवतात. स्केलेटन्स १, आइस स्पिरिट १, आइस गोलेम २, लॉग २. झाले ६ एलिक्सिर, म्हणजे साधारण १७ सेकंदांत पुढचा एक्स-बो तयार. समोरच्याचा टँक परत येण्याआधी तुमचा एक्स-बो आला, तर जिंकलात. पण त्यासाठी समोरच्याचं प्रत्येक कार्ड डोक्यात मोजत राहावं लागतं. दिवसभर एक्सेल शीट बघून आल्यावर हे जमतं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला नाही जमत.

मग सोनं कुठे घालायचं?

रोज दोन-तीनच मॅच खेळत असाल, घरी जाताना डोकं थकलेलं असेल, तर सरळ मोर्टार घ्या. कॉमन असल्यामुळे कार्डं लवकर जमतात आणि एखादा वेढा फसला तरी मॅच हातात राहते. पण एकाच डेकवर महिनोन्‌महिने बसायची तयारी असेल, समोरच्याची कार्डं मोजायला मजा येत असेल, तर एक्स-बोसारखी नशा नाही.

आणि अजूनही ठरत नसेल तर आधी दोघांनाही लागणारी कार्डं वर न्या. नाइट, आर्चर्स, स्केलेटन्स ही तिन्ही कॉमन आहेत आणि दोन्हीकडे चालतात. आर्चर्स तर हव्यातच, कारण वरून मिनियन्स आले की आपल्या दोन्ही तोफा नुसत्या बघत बसतात. तिथे घातलेलं सोनं कुठेच वाया जात नाही.

तोवर क्लॅनमधल्या कुणालातरी पकडून फ्रेंडली बॅटल खेळा. पाच मॅच एक्स-बोच्या, पाच मोर्टारच्या. ट्रॉफी जात नाहीत, मैत्री गेली तर माझी जबाबदारी नाही!